परळच्या सर्जिकल दुकानातली तीन वर्षे

ह्या दुकानाविषयी गिऱ्हाइकांची एक ठरलेली तक्रार आहे: मालक मागितलेली वस्तू मुकाट्याने काढून देत नाहीत, आधी दहा प्रश्न विचारतात. तक्रार खरी आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मलाही रिकाम्या हाताने घरी पाठवले होते, आणि त्या संध्याकाळी मी एक तारा देऊन मोकळी होणार होते. केवळ कंटाळा केला म्हणून ते राहून गेले. त्यानंतर आमच्या घरात आईचे गुडघे, माझे मनगट आणि भाच्याचा घोटा अशी तीन दुखणी एकामागोमाग आली, प्रत्येक वेळी ह्याच दुकानाची पायरी चढावी लागली (त्या पायरीविषयी पुढे लिहिणारच आहे), आणि आजचा अभिप्राय त्या सगळ्या फेऱ्यांनंतरचा आहे.

दुकान परळला, केईएम रुग्णालयापासून चालत सहा-सात मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. १९२६ साली सुरू झालेले केईएम, शेजारचे वाडिया आणि पलीकडचे टाटा अशी मोठी रुग्णालये जवळजवळ असल्यामुळे ह्या भागात औषधांच्या आणि सर्जिकल सामानाच्या दुकानांना तोटा नाही, आणि त्यांतली बरीचशी दुकाने सलाइनच्या नळीपासून व्हीलचेअरपर्यंत सगळेच ठेवतात. हे दुकान मात्र हाडे, सांधे आणि स्नायू ह्यांच्या सामानापुरतेच आहे. आत जेमतेम चार माणसे उभी राहतील एवढी जागा. एका भिंतीला काठ्या, कुबड्या आणि घडीचे वॉकर टांगलेले. समोरच्या फळ्यांवर मानेचे, कमरेचे, गुडघ्याचे, मनगटाचे पट्टे मापांप्रमाणे लावलेले. आणि मधोमध एक लाकडी स्टूल, ज्यावर गिऱ्हाइकाला बसवून माप घेतात. मालक साठी ओलांडलेले आहेत आणि शिंप्यासारखी टेप त्यांच्या गळ्यात कायम असते. ते डॉक्टर नाहीत, हे ते स्वतःच दिवसातून अनेकदा सांगतात.

पहिली खेप आईच्या गुडघ्यांसाठी होती. आईचे वय तेव्हा ७१ होते. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, त्यातही उजवा जास्त बिघडलेला: सकाळी उठल्यावर काही मिनिटे पाय आखडलेला, जिना उतरताना कळ, आणि मांडी घालून बसले तर उठताना कुणाचा तरी हात हवा. शेजारच्या काकूंनी दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असलेला ब्रेस घेतला होता, म्हणून तसाच आईसाठी आणायला मी शाळा सुटल्यावर एकटीच गेले. मालकांनी विचारले, दुखते नेमके कुठे, एक्स-रे उभे करून काढला आहे की झोपवून, डॉक्टरांची चिठ्ठी आहे का, आणि मांडीचे माप आणले आहे का. मी म्हटले, मध्यम मापाचा द्या, आई मध्यम बांध्याची आहे. त्यावर ते म्हणाले, “ताई, बांधा मध्यम असेल, मांडीचे काय ते टेप सांगेल. सैल झाला तर घसरून पोटरीवर येऊन बसेल, घट्ट झाला तर पाय सुजेल. आजींना घेऊन या, नाहीतर माप तरी घेऊन या. आणि ब्रेस हवाच का, ते आधी डॉक्टरांना विचारा.” दुकान बंद व्हायला अजून तासभर होता आणि मी तशीच बाहेर पडले.

एक्स-रेविषयीचा त्यांचा प्रश्न मला तेव्हा आगाऊपणाचा वाटला होता. पुढे हाडांच्या डॉक्टरांनी आईचा आधीचा एक्स-रे बाजूला ठेवून तिला उभे करून नवा काढायला लावला, तेव्हा त्यातले मर्म कळले. गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर असलेली कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. दिसते ती तिच्यामुळे राहिलेली फट, आणि शरीराचे वजन पायांवर पडलेले असेल तरच ती फट किती उरली आहे ते खरे दिसते. झोपून काढलेल्या चित्रात आईचा गुडघा बरा दिसत होता, उभ्या चित्रात आतल्या बाजूची फट निम्म्याहून कमी झालेली होती. तरीही डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया सांगितली नाही आणि ब्रेसही लिहून दिला नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम, वजन कमी करणे, दुखेल तेव्हा मोजक्या गोळ्या आणि हातात काठी, एवढेच सांगितले. वजनाचे गणित त्यांनी असे मांडले, की अंगावरचा एक किलो उतरला तर चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो. आईने वर्षभरात पाच किलो वजन उतरवले. दोन वेळचा भात एक वेळेवर आणण्यासाठी घरात जे महाभारत झाले, ते इथे लिहीत नाही.

काठीसाठी मात्र आईलाच घेऊन गेले, आणि दुकानाची खरी ओळख त्या दिवशी झाली. काठी घेणे म्हणजे आवडीची मूठ निवडणे, अशी माझी समजूत होती. मालकांनी आईला चपला घालूनच सरळ उभे केले, हात सैल सोडायला सांगितले आणि मनगटावरच्या वळीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले. काठीची मूठ त्या वळीच्या उंचीला यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते आणि खांदा वर चढत नाही. मग त्यांनी काठी आईच्या डाव्या हातात दिली. दुखणारा गुडघा उजवा, म्हणून आईने ती तत्काळ उजव्या हातात घेतली. त्यांनी पुन्हा डाव्या हातात दिली. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरायची, आणि दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे टाकायची, तरच त्या पायावरचा भार काठीकडे वाटला जातो. त्याच बाजूला धरली तर माणूस त्याच अंगाला झुकत चालतो. हे त्यांनी बोलून दाखवले नाही, स्वतः दुकानाबाहेरच्या फुटपाथवर दोन्ही तऱ्हांनी चालून दाखवले. जिन्याचा नियमही त्यांनीच आईकडून पाठ करून घेतला: चढताना धडधाकट पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. आमची इमारत चार मजल्यांची, लिफ्टशिवायची आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे हा नियम आमच्याकडे रोज चार वेळा वापरात आला. काठीच्या टोकाचे रबर झिजून गुळगुळीत झाले की पावसात ती घसरते, म्हणून त्यांनी एक जादा रबर दिले आणि त्याचे वेगळे २५ रुपये घेतले. फुकट दिले असते तर मी अधिक खूश झाले असते, पण असो.

दुसरी खेप माझी स्वतःची. आषाढातल्या झडीत शिवडीच्या आमच्या आवारात शेवाळलेल्या लादीवरून पाय सटकला आणि पडताना मी उजवा हात पुढे टेकला. मनगट जेवणाचा काटा आडवा ठेवल्यावर दिसतो तसे बाकदार झाले होते. पंगतीत वाढणाऱ्या आपल्या लोकांना ही उपमा परकी वाटेल, पण वैद्यकाच्या पुस्तकांत मनगटाच्या ह्या मोडीचे, म्हणजे फ्रॅक्चरचे, वर्णन असेच करतात. तिचे ‘कॉलिस फ्रॅक्चर’ हे नाव डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस ह्यांच्यावरून पडले. त्यांनी ती १८१४ साली वर्णन केली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, निव्वळ हाताने चाचपून. आजही पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना सर्वाधिक होणाऱ्या मोडींपैकी ही एक आहे, कारण पाळी थांबल्यावर हाडांची घनता झपाट्याने उतरते आणि पडताना हात टेकण्याची सवय कुणाचीच सुटत नाही. रुग्णालयात भूल देऊन हाड जागेवर बसवले, कोपराखाली प्लॅस्टर घातले, आणि हाड सरकले तर नाही ना हे पाहण्यासाठी पहिले दोन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढला. बांगड्या आणि अंगठी आल्या आल्या काढून घेतली, तेव्हा वाईट वाटले होते. रात्री बोटे सुजल्यावर वाटेनासे झाले.

गळ्यातली झोळी घ्यायला ह्या दुकानात गेले. रुग्णालयाबाहेरून घाईत घेतलेली झोळी माझ्याकडे होती, पण तिच्यात मनगट कोपरापेक्षा खाली लोंबत होते आणि बोटे जांभळट दिसत होती. मालकांनी नवी विकली नाही. जुन्याच झोळीचा पट्टा चार बोटे आखूड केला, हात कोपरापेक्षा वर आणला आणि पैसे घेतले नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी विचारून घेतली, ती म्हणजे मला मधुमेह आहे का. आहे. मग म्हणाले, “ताई, झोळी दिवसभर गळ्यात ठेवू नका. तासातासाला हात बाहेर काढून डोक्यावर न्या, बोटे मिटा-उघडा. मनगट सहा आठवड्यांत बरे होईल आणि खांदा धरून बसेल, असे करू नका. डॉक्टरांनाही विचारा.” डॉक्टरांनीही तेच सांगितले. खांद्याचे आवरण आखडून हात वर जाईनासा होण्याचे दुखणे, ज्याला सगळे फ्रोझन शोल्डर म्हणतात, मधुमेह्यांना इतरांपेक्षा जास्त होते आणि एकदा जडले की सुटायला एक ते तीन वर्षे लागू शकतात.

प्लॅस्टर निघाल्यावर मनगटाचा पट्टा घेतला, साडेचारशे रुपयांना. प्रिन्सेस स्ट्रीटवर तसाच पट्टा ७० रुपयांनी स्वस्त सांगत होते, तेव्हा स्वस्ताईसाठी इथे यावे असे मी म्हणणार नाही. पट्टा देताना मालकांनी बजावले होते, की गर्दीत जाताना घाला, लोकलमध्ये घाला, घरी काढून ठेवा. मी ऐकले नाही. पट्टा घातला की हाताला बळ आल्यासारखे वाटायचे, म्हणून मी तो महिनाभर झोपेतही घातला. परिणाम फिजिओथेरपीच्या पहिल्याच दिवशी पुढे आला. फिजिओथेरपिस्टने कोनमापक लावला, तेव्हा माझा तळहात वरच्या बाजूला जेमतेम ३५ अंश वळत होता. निरोगी हातात तो ८० ते ९० अंश वळतो. ह्या आकड्याचा अर्थ मला देवळात कळला. तीर्थ घ्यायला हात पुढे केला आणि तळवा वर होईना. पोळी उलटता येईना, कुलपात किल्ली फिरेना, आणि दुकानदाराने परत दिलेली सुटी नाणी हातातून ओघळून जाऊ लागली. मोडलेले हाड सहा आठवड्यांत सांधले होते. तीर्थ घेण्याएवढा हात वळायला आणखी साडेतीन महिने लागले.

ह्या काळात मी दुकानात रबरी चेंडू मागायला गेले होते, आणि दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने परत आले. मूठ आवळायचा चेंडू हाड पक्के झाल्याचे डॉक्टर सांगतील तेव्हाच घ्या, तोपर्यंत कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हलवा, असे मालकांचे म्हणणे होते. आणखी एका बाबतीत त्यांनी मला अडवले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. इमारतीतल्या दोघी-तिघींनी मालीशवाल्या बाईंचे नाव सुचवले होते आणि तेल गरम करण्यापर्यंत तयारी झाली होती. ताज्या मोडीच्या आसपास जोरात चोळले तर स्नायूमध्येच हाड धरू शकते आणि सांधा कायमचा अडकतो. कोपराच्या बाबतीत हा धोका विशेष आहे, असे नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितले. ह्याच डॉक्टरांनी हाडांच्या घनतेची डेक्सा चाचणी करायला लावली. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती ते सांगणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की अस्थिविरलता (हाडे ठिसूळ होण्याचा आजार) धरतात. माझा उणे २.७ आला. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडले असेल तर मोड सांधून थांबू नये, हाड ठिसूळ आहे का ते पाहावे, हे मला कुणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. आता औषध चालू आहे. नाचणीची भाकरीही चालू आहे, पण ती औषधाच्या जागी नाही.

तिसऱ्या खेपेची गोष्ट थोडक्यात सांगते. भाचा लालबागच्या एका गोविंदा पथकात आहे. गेल्या वर्षी सरावात दुसऱ्या थरावरून उतरताना त्याचा पाय आतल्या बाजूला वळला आणि घोटा बाहेरून टम्म सुजला. आई आंबेहळद उगाळून गरम लेप लावायच्या तयारीत होती. मी क्रेप बँडेज आणायला त्यालाच रिक्षात घालून... नव्हे, परळला रिक्षा नाहीत, टॅक्सीत घालून दुकानात नेले. मालकांनी त्याला टॅक्सीतून उतरतानाच चार पावले टाकायला सांगितली. त्याला ती टाकता येईनात, आणि घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोट दाबल्यावर तो ओरडला. “दादा, बँडेज नंतर. आधी एक्स-रे,” एवढे बोलून त्यांनी आम्हाला टॅक्सी न सोडता रुग्णालयात पाठवले. चार पावले आणि हाडाच्या कडेची दुखरी जागा ह्या दोन गोष्टींवरून एक्स-रे काढायचा की नाही हे ठरवण्याची रीत १९९२ साली कॅनडातल्या ओटावा इथे बसवली गेली, आणि आज जगभरच्या अपघात विभागांत ती वापरतात. परळच्या एका दुकानदाराला ती माहीत असावी, ह्याचे मला आश्चर्य वाटले. विचारल्यावर म्हणाले, समोर तीस वर्षे डॉक्टर मंडळी चहाला येतात, कान उघडे ठेवले की झाले.

हाड शाबूत निघाले. बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध (लिगामेंट) ताणला गेला होता. मग मात्र बँडेज मिळाले, आणि ते बांधायचे कसे हेही: बोटांच्या मुळापासून सुरुवात करून वर जायचे, घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेरे घ्यायचे, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवायचा, आणि बोटे निळी किंवा बधिर झाली तर ताबडतोब सोडायचे. बर्फ फडक्यात गुंडाळून, एका वेळी पंधरा मिनिटे. पहिले दोन दिवस शेक नाही, लेप नाही, चोळणे नाही. भाच्याला सूज उतरल्यावर घोट्याचा लेसवाला पट्टा हवा होता, तो त्यांनी दिला, पण त्याच्याबरोबर दात घासताना एका पायावर उभे राहायचे कामही दिले. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचे मोठे कारण गेलेला तोल असते, आणि तोल पट्ट्याने परत येत नाही. यंदा तो पुन्हा थरात उभा राहिला, ह्या वेळी खालच्या थरात. त्याच्या आईने अजून माझ्याशी नीट बोलणे सुरू केलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात अखेर आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. रात्रीची झोप मोडू लागली आणि काठी असूनही दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरणे तिने सोडून दिले, तेव्हा डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय स्वतःहून काढला. खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट इतरांनाही उपयोगी पडेल. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरात असलेल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत त्या वेळी कर वगळून ५४,७२० रुपये ठरली, आणि रुग्णालयाने बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवावा असेही बंधन आले. शस्त्रक्रिया, खोली, भूल ह्यांचे दर अर्थात वेगळे, आणि बिलाचा मोठा भाग तोच असतो. बिलात ही ओळ वेगळी शोधा, असे मला दुकानाच्या मालकांनीच सांगितले होते.

वॉकर भाड्याने घ्यायला गेले, तेव्हा मालकांचा पहिला प्रश्न होता, न्हाणीघराचे दार किती रुंद आहे. मी आईची उंची लिहून नेली होती, दाराचे माप माझ्या स्वप्नातही नव्हते. घरी फोन करून मोजायला लावले. दार २३ इंच निघाले, आणि मी निवडलेला वॉकर २५ इंचांचा होता. जुन्या मुंबईतल्या घरांत राहणाऱ्या कुणीही ही गोष्ट लक्षात ठेवावी: वॉकर खोलीत फिरतो आणि मोरीच्या दारात अडकतो, आणि आजारी माणसाला सर्वांत जास्त गरज तिथेच असते. मालकांनी अरुंद, घडीचा वॉकर शोधून दिला, महिना ३५० रुपये भाडे आणि १,५०० रुपये अनामत. कमोडवर बसवायची चार इंच उंचीची बैठकही त्यांनीच सुचवली, कारण खोल बसताना नव्या गुडघ्याला सुरुवातीचे काही आठवडे फार त्रास होतो.

मी एक मऊ उशीही मागितली होती, आईच्या गुडघ्याखाली ठेवायला. ती त्यांनी दिली नाही. गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते खरे, पण सांधा वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि पुढे पाय पूर्ण सरळ होत नाही. उशीऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सरळ होऊ द्यायचा. आईच्या फिजिओथेरपिस्टनेही दुसऱ्या दिवशी तंतोतंत हेच करायला लावले. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभे केले होते. घरी आली तेव्हा गुडघा ८५ अंशांपर्यंत वाकत होता, दोन महिन्यांनी ११० अंशांपर्यंत. खुर्चीवरून सहज उठायला आणि जिना उतरायला एवढे पुरते. मांडी घालून देवपूजेला बसायला पुरत नाही, आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसू नका असेही सांगितले आहे, म्हणून देव्हारा आता टेबलावर आला आहे. ह्या बदलाने आईला गुडघ्यापेक्षा जास्त दुखले. पोटऱ्यांवर घालायचे लांब घट्ट मोजेही दुकानात दिसत होते. ते मात्र मालकांनी चिठ्ठी आणि घोटा-पोटरीचे माप ह्यांशिवाय द्यायला ठाम नकार दिला, आणि पोटरी दुखून अचानक सुजली तर मोजे शोधत बसू नका, थेट रुग्णालयात जा, असे बजावले.

आता तारा कापण्याची कारणे. मालक दुकानात नसतील तर तिथे पाऊल टाकू नये. त्यांचा मदतनीस नम्र आहे, पण मागेल त्याला मागेल ते देतो. एका दुपारी त्याने माझ्या यजमानांना मानेचा पट्टा एकही प्रश्न न विचारता दिला, आणि यजमानांनी तो तीन आठवडे रात्रंदिवस घातला. मान धरली होती ती काही दिवसांत सुटली असती. सततच्या पट्ट्याने मानेचे स्नायू मात्र ढिले पडले आणि नंतर फिजिओथेरपीला जावे लागले. मालकांना सांगितले तेव्हा ते ओशाळले, पण अंगाला लागलेली वस्तू परत घेत नाही हा नियम त्यांनी मोडला नाही. भाड्याचा हिशेबही मला पटत नाही: तेहतिसाव्या दिवशी वॉकर परत केला तरी पूर्ण दोन महिने धरतात. दुपारी दोन ते चार दुकान बंद असते, म्हणजे नेमके बाह्यरुग्ण विभागातून माणसे सुटतात तेव्हा. पक्के बिल मिळते. विम्याच्या दाव्यासाठी त्याला डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची असेल तर बिलावर रुग्णाचे नाव लिहून मागून घ्या, स्वतःहून लिहीत नाहीत.

आणि ती पायरी. दुकानाच्या दाराशी नऊ इंचांची एकच दगडी पायरी आहे, कठडा नाही, उतार नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी, प्लॅस्टर घातलेल्यांसाठी, वॉकर धरून चालणाऱ्यांसाठी चालवलेल्या दुकानाच्या दारात ती तीस वर्षे आहे. ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी मालक स्टूल फुटपाथवर आणतात आणि तिथेच माप घेतात. आईचेही दोनदा तसेच घेतले, एकदा छत्रीखाली. विचारले तेव्हा म्हणाले, महापालिकेच्या फुटपाथवर उतार बांधता येत नाही. लाकडी, उचलून ठेवायचा उतार त्यांच्याच दुकानात विकायला आहे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. ते बराच वेळ त्या उताराकडे पाहत राहिले.

दोन महिन्यांचे भाडे भरून वॉकर परत करायला आई स्वतः माझ्याबरोबर आली, काठी डाव्या हातात घेऊन. पायरी तिने चढली, धडधाकट पाय आधी टाकून. मालकांनी वॉकरचे चारही रबर तपासले, एक झिजले होते त्याचे २५ रुपये कापून अनामत परत दिली. चार तारे देते आहे. लाकडी उतार दाराशी लागलेला दिसला, की पाचवा देईन.